घंगाळ घेऊन चाकणला

राजापुराहून लोक घाटावर जातात ते कोर्टकचेरीसाठी, लेकीच्या सासरी, नाहीतर पोराला नोकरीला लावायला. मी गेल्या मार्गशीर्षात गेले ती एक फुटकं घंगाळ घेऊन. परत आल्यावर आळीतल्या बायकांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की एवढं ओझं कशासाठी वाहून नेलंस? एकेकीला तुकड्यातुकड्यानं सांगून झालं. आता एकदा सगळंच लिहून काढते.

घंगाळ आमच्या आईचं. पितळेचं, ठोक्याचं, दोन्ही बाजूंना जाड कड्या असलेलं. अंघोळीचं पाणी त्यात काढायचं. सकाळचं ऊन न्हाणीत उतरलं की पाण्याखालचे ते ठोके माशाच्या खवल्यांसारखे हलायचे आणि लहानपणी मला वाटायचं, आपण कुठल्यातरी मोठ्या माशाच्या पाठीवर बसून न्हातोय. घरातली सगळी मुलं त्यातल्या पाण्यानं न्हाऊन वाढली. धाकटी बहीण कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिचा मुलगाही त्यातच न्हाला. तो पाच महिन्यांचा होऊन चिंचवडला तापानं गेला. त्यानंतर कुसुम राजापूरला आली ती आई गेली तेव्हाच, आणि दिवस झाल्यावर लगेच परतली. आईची भांडी वाटताना घंगाळ तिच्या वाट्याला आलं तर ती म्हणाली, "मला नको." कारण कुणी विचारलं नाही. पुढं त्याच्या बुडाला चीर गेली आणि वहिनी ते मोडीत घालायला निघाली, तेव्हा मी उचलून माझ्या घरी आणलं. आमच्या गावच्या कासारानं ते उजेडात धरून पाहिलं आणि बूड झिजून कागद झालंय, डाखाचा जोड टिकायचा नाही, म्हणून परत दिलं. तरी ते माळ्यावर टाकायला मन होईना. कुसुमच्या वाट्याचं आहे, तिच्यासमोर नेऊन ठेवावं, मग ती सांगेल ते करावं, एवढंच ठरवून मी निघाले.

चिंचवड

गाडी चिंचवडच्या छोट्या स्टेशनात थांबली तेव्हा धुकं होतं. कोकणातलं धुकं झाडांना बिलगून असतं. इथलं मोकळ्या रानावर दूरवर पसरलेलं, आणि त्यातून ज्वारीची ताटं कमरेपर्यंत बुडालेल्या माणसांसारखी उभी. माधवराव, म्हणजे कुसुमचे यजमान, न्यायला आले होते. सुतळीच्या पोत्यात गुंडाळलेलं घंगाळ त्यांनी खांद्यावर घेतलं. आत काय आहे ते त्यांना पोत्याच्या आकारावरूनच कळलं असावं, कारण त्यांनी विचारलं नाही.

दोघं गावात, नदीच्या अंगाला, एका मोठ्या घराच्या दोन खोल्यांत राहतात. माधवराव पिंपरीला नव्यानं उभ्या राहणाऱ्या कारखान्यात फिटर आहेत. त्या बाजूला सगळंच नवीन उभं राहतंय. निर्वासितांच्या छावणीतल्या बराकी, त्यांच्यासमोर सिंधी बायकांनी वाळत घातलेले पापड, लोखंडी सांगाडे, खडीचे ढीग, आणि त्यांच्या मधूनच शेळ्यांचा कळप शांतपणे चाललेला. माधवराव 'शिफ्ट' हा शब्द इतक्या सहज बोलतात की पहिल्या दिवशी मला ते कुणा माणसाचं नाव वाटलं. शिफ्ट सुटली, शिफ्ट बदलली, शिफ्टला उशीर झाला.

कुसुमच्या घरात पितळ नव्हतं. सगळी भांडी ॲल्युमिनियमची, हलकी, राखेनं घासून पांढरी पडलेली. खाली ठेवली तरी आवाज होत नसे. घरच तसं होतं. कुसुम हळू बोलायची, हळू चालायची, दार लावताना कडी हातात धरून लावायची. पोतं मी सोडलं तेव्हा तिनं एकदा घंगाळाकडे पाहिलं आणि चुलीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच पवनेवर गेले. पाण्यातून वाफ निघत होती आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी धुणं आपटत होतं. हात वर गेलेला दिसायचा आणि आवाज मागाहून यायचा. आमच्याकडे पाणी परसात पाटानं येतं, त्यामुळे नदीवर बायकांच्या गप्पा कशा चालतात ते मला माहीत नव्हतं. मी कुणाची कोण, हे तासाभरात सगळ्या घाटाला कळलं. एका बाईनं मला विचारलं, तुमची बहीण नदीवर का येत नाही?

रात्रीच्या जेवणात माधवरावांनीच विषय काढला. चाकणला एक ओतारी आहे, पितळ वितळवून साच्यात ओतणारा. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं त्याच्याकडून समया करून घेतल्या होत्या. फुटक्या भांड्याचं दुसरं काहीतरी होईल, ते तुमच्या आईंचंच राहील, असं ते ताटाकडे बघत म्हणाले. कुसुम म्हणाली, "ताई, तू घेऊन जा. मी नाही येत." पण सकाळी मी पोतं बांधत होते तर ती लुगडं बदलून, डबा भरून, दारात उभी होती.

भोसरीच्या वाटेवर

भोसरीपर्यंत बैलगाडी, तिथून एसटी. गाडीवान भोसरीचाच, धोंडिबा नावाचा म्हातारा. वाटेवर बोरी-बाभळी, मधेच हरभऱ्याचे हिरवे तुकडे, आणि वर एवढं मोठं आभाळ की कोकणातल्या माणसाला जरा उघड्यावर पडल्यासारखं होतं. आमच्याकडे कुठंही मान वर केली तरी एखादी माडाची झावळी आभाळाच्या आड येते. इथं काहीच आड येत नव्हतं. बैलांच्या घुंगरांचा नाद, उन्हाची ऊब. मला डुलकी लागली.

जागी झाले ती धोंडिबाच्या हाकेनं. चढावर गाडीला हिसका बसला होता, पोतं मागून सुटलं होतं, आणि पोत्यातून निसटलेलं घंगाळ काठावर उभं राहून उतारानं निघालं होतं. ते सरळ लोळत नव्हतं. कड्यांमुळे अडखळत, उड्या घेत, दर उडीला ठणाण वाजत ते वाटेवरून शेतात शिरलं. मी गाडीतून उतरेपर्यंत कुसुम धावत सुटली होती. पदर खोचलेला, पायात वहाण नाही. हरभऱ्याच्या शेतातून ती त्याच्यामागे पळत गेली आणि बांधाजवळ तिनं त्याला दोन्ही हातांनी धरलं.

मी पोहोचले तेव्हा ती ते मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याला लागलेली माती पदरानं पुसत होती. धाप लागली होती. पोचा आलाय का ते बोटं फिरवून बघत होती. मी शेजारी बसले. हरभऱ्याचा आंबट वास येत होता, लांबवर गाडीवान बैलांशी बोलत होता. मग तिनं घंगाळ उचललं आणि मला हात लावू न देता स्वतःच गाडीपर्यंत आणलं.

भोसरीला एसटीच्या टपावर ते टाकायचं नाही, असं तिनं कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर म्हणाला, बाई, ह्याचं तिकीट काढावं लागेल, हे एका माणसाची जागा घेतंय. ती म्हणाली, काढते. त्यानं मग हसून सोडून दिलं. मोशीपुढं इंद्रायणीचा पूल लागला तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं आणि तिच्या मांडीवरच्या पितळेवर पडलं. गाडीच्या छतावर एक पिवळा कवडसा थरथरत राहिला. समोर बसलेली कांद्याची व्यापारी मंडळी बोलता बोलता वर बघायला लागली. चाकण येईपर्यंत तो कवडसा आमच्याबरोबर होता.

चाकण

चाकण म्हणजे कांदा. पोती, ढीग, वास, वाऱ्यावर उडणारे जांभळे पापुद्रे. किल्ल्याच्या ढासळलेल्या तटाजवळ, चिंचेखाली, सखाराम ओताऱ्याचं घर. अंगणात मातीचे साचे वाळत ठेवलेले, कुठं घंटेचे, कुठं समईच्या बैठकीचे. दुरून पाहिलं तर कुणीतरी मातीची फळं मांडून ठेवलीत असं वाटावं.

सखाराम बोलका माणूस. पाणी द्यायच्या आधीच त्यानं आम्हाला सांगून टाकलं, की आसपासच्या बैलांच्या गळ्यातल्या घाट्या त्याच्या हातच्या आहेत, रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या कुणाचा बैल वाटेनं गेला ते त्याला कळतं. काम मात्र बायकोशिवाय त्याचं पुढं सरकत नसे. तिचं नाव गोदाबाई. साचे ती करायची, भात्यावर ती बसायची, आणि पितळ ओतायची वेळ झाली हेही तीच सांगायची. त्या वेळी सखाराम बोलायचा थांबे.

त्यानं घंगाळ फिरवून पाहिलं आणि म्हणाला, ह्याच्या दोन झकास समया होतील. मलाही तेच वाटत होतं. देवापाशी समई राहील, तिन्हीसांजेला लागेल, आईची आठवण राहील. मी मान डोलावली. गोदाबाई मात्र भट्टीपाशी उकिडवी बसून कुसुमकडे बघत होती.

"ह्यात कुनाची आंगुळ व्हायची, ताई?" तिनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, पण प्रश्न मला नव्हता.

"आमची सगळ्यांची," कुसुम म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या मुलाची पण."

"केवढा हाय?"

"नाहीये आता. पाच महिन्यांचा होता."

"नाव काय ठेवलं व्हतं?"

"श्रीधर."

तो गेल्यापासूनच्या दोन वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरात आम्ही कुणीच घेत नव्हतो. तिला त्रास होऊ नये म्हणून आधी मी, मग वहिनी, मग सगळेच गप्प राहायला शिकलो होतो. गोदाबाईनं ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं, जणू तोंडात कसं बसतं ते बघत होती. सांत्वनाचं एक अक्षर ती बोलली नाही. पदर सारखा केला आणि विचारलं, "मग समई करायची का दुसरं काय?"

कुसुम अंगणातल्या साच्यांकडे बघत राहिली. मग एका रुंद, बसक्या साच्याकडे बोट करून विचारलं, हे काय? तो खलबत्त्याचा साचा होता. ती म्हणाली, "हाच करा. समई लावायची आणि लांबून बघायची. मला रोज हाताखाली येणारं काहीतरी हवंय."

पितळ तापवलं की ठिसूळ होतं. थंड भांड्यावर कितीही घण घाला, ते नुसतं चेपत राहतं. म्हणून घंगाळ आधी निखाऱ्यांवर उपडं घातलं. त्याचा पिवळा रंग गेला, तांबूस झाला, काळवंडला. दोन्ही कड्या चिमट्यात धरून त्यांनी ते दगडावर काढलं. गोदाबाईनं हातोडा कुसुमपुढं धरला.

"पयला घाव तुमी घाला. आमी न्हाई घालनार."

मला वाटलं, हिला हे नको सांगायला. मी पुढंही झाले. पण कुसुमनं हातोडा दोन्ही हातांनी घेतला, घंगाळाकडे एकदा बघून घेतलं, आणि मारला. त्याला भांड्यासारखा आवाज आला नाही. मातीचा परळ फुटावा तसा आला. काठाचा एक तुकडा वेगळा होऊन पडला. तिनं पुन्हा मारला. मग पुन्हा. मारता मारता ती रडायला लागली, पण हात थांबला नाही. सखाराम भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी चिंचेच्या मुळावर बसले. सगळं घंगाळ तुकडे होऊन दगडाभोवती पडलं तेव्हाच तिनं हातोडा खाली ठेवला, आणि गोदाबाईनं तिला लोटाभर पाणी दिलं. निम्मं ती प्यायली, निम्म्यानं तोंड धुतलं.

तुकडे मुशीत गेले. भाता चालू झाला. मुशीच्या तोंडावर हिरवट-निळी ज्योत उभी राहिली आणि तिच्यातून पांढरा धूर निघून चिंचेच्या फांद्यांत अडकू लागला. गोदाबाई म्हणाली, जवळ नका बसू, धूर छातीत जातो. आम्ही लांबून बघत राहिलो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसता उजेड दिसत होता. आईचा हात, न्हाणीतली वाफ, शिकेकाईचा वास, चुलीवरच्या पाण्याचं गुणगुणणं, सगळं त्या उजेडात विरघळतंय असं मला वाटत होतं आणि वाईट वाटत नव्हतं. ऊन कलत होतं. किल्ल्याच्या तटावर पोपटांचा थवा येऊन बसला, उठला, परत बसला.

आणि मग साचा फुटला. पितळ ओतताना बाजूला एक बारीक तडा गेला, त्यातून ते बाहेर आलं आणि अंगणाच्या मातीत सापासारखं वळवळत पसरून थिजलं. सखारामनं कपाळाला हात लावला. साचा नीट वाळला नव्हता, असं गोदाबाईनं स्पष्ट सांगितलं आणि चूक स्वतःकडे घेतली. दुसरा साचा होता, चांगला वाळलेला, पण मातीत गेलेलं, जळून गेलेलं वजा जाता पितळ कमी पडणार होतं. आणि शेवटची एसटीही निघून गेली होती.

त्या मुक्कामाचं मला आता बरं वाटतं. संध्याकाळी गोदाबाईनं सांगितलं, आज पाव्हण्यांना मासवडी करते. चिंचवडला आल्यापासून भाकरी-पिठल्यावर काढलेल्या मला केवढा आनंद झाला. चाकणसारख्या कोरड्या मुलखात मासे कुठून आणले असतील, नदीचे असतील का, त्यांना काटे फार असतात का, असं सगळं मी मनात म्हणून घेतलं. ताटात आल्या त्या बेसनाच्या वड्या, आत तीळ, खोबरं, लसूण, आणि वर झणझणीत रस्सा. माशाच्या तुकड्यासारखा आकार, एवढाच माशाशी संबंध. माझा चेहरा बघून कुसुमला कळलं. ती गोदाबाईला म्हणाली, आमच्या ताईला ह्यात काटा सापडत नाहीये. गोदाबाईला ते समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर ती माऊली भाकरी थापायची थांबून हसत बसली. रस्सा मात्र असा होता, की मी राजापूरला येऊन दोनदा करून पाहिला. तसा झाला नाही.

सकाळी मूस पुन्हा भट्टीत ठेवताना गोदाबाई आतून एक चेपलेला तांब्या घेऊन आली. तिच्या आईकडचा, गळका. त्याचा काठ तिनं निखाऱ्यावर तापवून तोडला आणि म्हणाली, कमी पडतंय ते ह्यातलं घालते. मी घुटमळले. एवढ्या लांबून आणलं ते आईचं पितळ आईचंच राहावं म्हणून, आणि त्यात दुसऱ्या घरचं मिसळायचं? मी म्हटलं, नको, खलबत्ता लहान करा. गोदाबाई हात मागे घेणार, तोच कुसुम म्हणाली, "घाला. तेही कुणाच्या तरी आईचंच आहे."

साच्यातून निघालेला खलबत्ता काळा, खरखरीत, कुरूप होता. दुपारभर सखारामनं कानशीनं घासला, मग चिंचेच्या कोळानं आणि राखेनं गोदाबाईनं उजळला. बुडाशी एक बारीक खळगा राहिला होता, पितळ भरताना अडकलेल्या हवेचा. सखाराम बुजवून देतो म्हणाला. कुसुमनं बोट लावून पाहिला आणि राहू द्या म्हणाली. निघताना गोदाबाईनं तिची ओटी भरली, हरभऱ्याच्या घाट्यांनी, दुसरं घरात काही नव्हतं म्हणून.

पुन्हा चिंचवड

मी निघणार त्या दिवशी माधवरावांची सकाळची शिफ्ट होती, ते अंधारातच गेले. कुसुमनं माझ्या वाटेच्या लाडवांसाठी शेंगदाणे भाजले, खलबत्ता दाराजवळच्या फरशीवर ठेवला आणि कुटायला बसली. टण्ण, टण्ण, टण्ण. त्या घरात मी ऐकलेला तो पहिला मोठा आवाज. भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. मी अंथरूण गुंडाळत होते, तशीच उभी राहिले.

आवाजासरशी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. दोन-अडीच वर्षांची, डोळ्यांत काजळ, अंगात मोठ्या बहिणीचा झगा. शेजारी मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान मिस्त्रींचं बिऱ्हाड आहे, त्यांची ही धाकटी. माझ्या मुक्कामात मी तिला रोज ओट्यावर खेळताना पाहत होते, आणि ती ओट्यावर असली की कुसुम आपलं दार ओढून घेते, हेही पाहत होते.

कुसुमचा हात थांबला. मला वाटलं, आता ती उठेल. मुलगी चौकटीला धरून बत्त्याकडे बघत होती. कुसुमनं खलातला शेंगदाण्याचा कूट चिमटीत घेतला, त्यात गुळाचा खडा चेपला, आणि हात पुढं केला. मुलगी उंबऱ्याच्या आत आली. खाऊन झाल्यावर तिनं बत्त्याला हात लावून पाहिला, उचलला जातो का बघितलं. कुसुमनं तिला जवळ ओढलं, मांडीवर घेतलं, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि दोघींनी मिळून एक घाव घातला.

"तुझं नाव काय गं?" कुसुमनं विचारलं.

दोन वर्षं एका भिंतीआड राहून ते तिला माहीत नव्हतं. मुलगी तोंडातला गूळ चघळत राहिली. मग म्हणाली, "रेश्मा."

"रेश्मा," कुसुम म्हणाली, आणि पुन्हा बत्ता उचलला.